मेरी स्टुअर्टचं राज्य धर्मानं बुडवलं की लग्नांनी?

रानवारा: स्कॉटलंडच्या मेरी राणीचा विषय निघाला की ‘राणी कॅथलिक, प्रजा प्रोटेस्टंट, दुसरं काय होणार’ म्हणून सगळे मोकळे होतात. मला नाही पटत. ऑगस्ट १५६१ मध्ये ती फ्रान्सहून परतली, त्याच्या वर्षभर आधीच संसदेनं पोपची सत्ता झुगारून मिस्सावर, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनाविधीवर, बंदी घातली होती. हिनं आठवड्याच्या आत जाहीर केलं: धर्माचं आहे तसंच चालेल. मिस्सा फक्त स्वतःपुरती, राजवाड्यात. पुढच्या वर्षी तर हंटलीसारख्या बड्या कॅथलिक सरदाराचाच बंदोबस्त केला. घडी विस्कटली ती १५६५ मध्ये डार्न्ली या सरदाराशी लग्न केल्यावर. दिसायला देखणा, अकलेनं उणा!

कोपरखळी: घडी बसली होती कधी? पहिल्याच रविवारी होलीरूड राजवाड्याच्या चॅपलबाहेर लोक पाद्र्याच्या जिवावर उठले होते. तिचा सावत्र भाऊ लॉर्ड जेम्स, जो स्वतः प्रोटेस्टंट, दार अडवून उभा राहिला म्हणून मिस्सा पार पडली. प्रोटेस्टंट धर्मोपदेशक नॉक्सनं तर सांगून टाकलं की दहा हजार सशस्त्र शत्रूंपेक्षा एका मिस्साची धास्ती जास्त. आणि तिचा सचिव रिझ्झिओ? सहा महिन्यांची गरोदर राणी जेवायला बसलेली, तिच्या पदराआड लपू पाहणाऱ्या त्याला ओढून नेऊन पन्नासहून जास्त वार केले. का, तर म्हणे पोपचा हस्तक.

रानवारा: त्या मारेकऱ्यांना खासगी जिन्यानं वर येऊ दिलं कुणी? नवऱ्यानं! त्याला राजमुकुटात वाटा हवा होता. बरं, फेब्रुवारी १५६७ मध्ये डार्न्लीचा खून झाला आणि मे महिन्यात हिनं ज्याच्यावर संशय त्या बॉथवेल सरदाराशीच लग्न लावलं, तेही प्रोटेस्टंट पद्धतीनं. पोपनंसुद्धा हात झटकले. यात धर्म कुठे आला?

अर्धाचहा: रानवारा यांच्याशी सहमत. १५६० मध्ये मर्जीतल्या डडली सरदाराची बायको संशयास्पद रीतीनं मेली, तेव्हा इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीनं त्याच्याशी लग्नाचा विचार गुंडाळून ठेवला. तेवढं शहाणपण हिला असतं तर.

कोपरखळी: एलिझाबेथ आणि तिचे मंत्री एकाच पंथाचे होते हो, तुलना कसली करता! डार्न्लीच्या खुनाचा ठपका ठेवून डिसेंबर १५६७ च्या संसदेनं मेरीचं पदच्युत होणं कायदेशीर ठरवलं, मान्य. पण त्याच बैठकीत आणखी काय मंजूर झालं तेही बघा: १५६० चे धर्मसुधारणेचे कायदे. मेरीनं गादीवर असेपर्यंत त्यांना संमती दिलीच नव्हती.