मदत हवी आहे: ३क्ष+१ चा युक्तिवाद ३क्ष−१ ला लावला की का फसतो?

नमस्कार मंडळी,

गेले दोन महिने कोलाट्झच्या अटकळीने मला झपाटलंय. संख्या सम असेल तर निम्मी करायची, विषम असेल तर तिप्पट करून १ मिळवायचा (म्हणजे ३क्ष+१), आणि हेच करत राहायचं. कुठल्याही धन पूर्णांकापासून निघा, शेवटी १ येतो, अशी ही अटकळ. सिद्ध अजून कुणालाच करता आलेली नाही. २७ मी वहीत हाताने केला. ९२३२ पर्यंत चढला आणि १११ व्या पायरीला १ वर आला. मधे एक बेरीज चुकली म्हणून दोन पानं खोडावी लागली, पण शेवटी १६, ८, ४, २, १ लिहिताना फार आनंद झाला.

आता अडचण. विषम संख्येची तिप्पट करून १ मिळवला की उत्तर सम येतंच. निम्म्या वेळा ते एकदाच दोनने भागलं जातं, पाव वेळा दोनदा, अष्टमांश वेळा तीनदा... सरासरी दोनदा. म्हणजे एका विषम संख्येवरून पुढच्या विषम संख्येवर जाताना आकडा साधारण पाऊणपट होतो. मग तो खाली येणारच ना? ५क्ष+१ घेतलं तर सव्वापट येतं, आणि तिथे ७ पासून निघालं की आकडे वाढतच जाताना दिसतात. इथवर सगळं जुळत होतं.

मग ३क्ष+१ मधल्या +१ च्या जागी −१ घेतला. पाऊणपट तसंच राहिलं, पण ५, १४, ७, २०, १० आणि पुन्हा ५! १७ पासून निघालं तर १८ पायऱ्यांनी परत १७. १ कधी येतच नाही. म्हणजे नुसत्या पाऊणपटीवर काहीच सिद्ध होत नाही. सिद्धतेत +१ चा उपयोग नेमका कुठे व्हायला हवा?

दुसरा प्रश्न: गणितज्ञ जॉन कॉनवे यांनी १९७२ मध्ये दाखवलं की अशा नियमांचं व्यापक रूप घेतलं तर प्रश्न अनिर्णेय होतो, म्हणजे तो नेहमी सोडवणारी रीतच नसते. मग ३क्ष+१ सुटणारच नाही, असं समजायचं का?

प्रतिसाद

दुसऱ्याचं आधी. नाही. कॉनवे यांचा निष्कर्ष सगळ्या कुटुंबाबद्दल आहे: असा कुठलाही नियम दिला तरी उत्तर देईल अशी एकच रीत असू शकत नाही. त्या कुटुंबातला एखादा नियम सुटू शकतो.

तुमची सरासरी पहिल्या काही पायऱ्यांपुरती अगदी खरी आहे. सम-विषमचा क्रम सुरुवातीच्या संख्येच्या द्विमान अंकांवरून (० आणि १ वापरून लिहिलेल्या रूपावरून) ठरतो. ते अंक संपले की पुढे काय होईल यावर आपला ताबा राहत नाही. म्हणून टेरास (१९७६) आणि टाओ (२०१९) या गणितज्ञांचे या अटकळीवरचे निकाल 'जवळजवळ सर्व' संख्यांबद्दल आहेत, सर्व संख्यांबद्दल नाहीत.

आता −१. ऋण संख्यांवर ३क्ष+१ चालवा, तुम्हाला हीच चक्रं मिळतील: −५ आणि −१७ ची. तेव्हा सिद्धतेत संख्या धन असण्याचा उपयोग करावाच लागेल. चक्रातल्या विषम संख्या मोजा, तेवढा ३ चा घात घ्या. दोनने किती वेळा भागलं ते मोजा, तेवढा २ चा घात घ्या. ३क्ष+१ च्या धन चक्रात २ चा घात मोठा असावा लागतो, ३क्ष−१ मध्ये ३ चा. तुमच्या ५ च्या चक्रात विषम दोन, भागाकार तीन: ९ आणि ८. दोन घात इतके जवळ आले म्हणूनच ते चक्र जमलं.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार! लगेच १७ चं चक्र मोजलं. विषम सात, भागाकार अकरा: २१८७ आणि २०४८. इथेही ३ चा घात मोठा. दोन महिने मी सरासरीच बघत बसलो, हे घात कधी शेजारी मांडलेच नाहीत. २ आणि ३ चे घात एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, याचा अभ्यास पदवीच्या गणितावर सुरू करता येईल का? कुठून सुरुवात करू?