चर्चा : फादरांना हिशेब विचारला तर श्रद्धा कमी होते का?

मलप्रभा

खानापूर तालुक्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या गटावर एका सद्गृहस्थांनी गेल्या आठवड्यात असे लिहिले की, ज्यांचा बिशपांवर किंवा फादरांवर विश्वास उरलेला नाही त्यांनी गुडघे टेकून मुकाट्याने प्रार्थना करावी, कारण मेंढपाळाविरुद्ध बोलणारा माणूस शेवटी कळपाचेच नुकसान करतो. त्याखाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागलेली पाहिली आणि मला राहवले नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या कुटुंबांकडून, चर्चच्या छपरासाठी घरटी पाच हजार रुपये गोळा करण्यात आले. माझ्या सासूबाईंनी काजूबिया विकून आलेल्या पैशांतून ते दिले आणि मिळालेली पिवळी पावती प्रार्थनेच्या पुस्तकात घडी घालून ठेवली. त्या मागच्या वर्षी वारल्या. पावती अजून त्या पुस्तकात आहे, आणि जून लागला की उजव्या हाताच्या तिसऱ्या बाकाशेजारी आजही निळी बादली ठेवावी लागते. मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, सगळे शांत झाले की तिच्यात पडणारा थेंब न् थेंब ऐकू येतो. मी एकदा मिस्सेनंतर फादरांकडे हिशेबाची चौकशी केली, तेव्हा ‘देवाला दिलेल्याचा हिशेब मागतात का, बाई?’ असे उत्तर मिळाले, आणि पुढच्याच रविवारी प्रवचनाला बायबलमधली हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट निघाली. देवापासून पैसे लपवले म्हणून जागच्या जागी मेलेले ते जोडपे. सगळ्यांच्या नजरा माझ्या बाकाकडे वळल्या.

तरीही मी दर रविवारी जाते, ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद, स्वीकारते आणि फादरांच्या त्याच हातांतून स्वीकारते. माझी श्रद्धा त्या हातांवर कधीच अवलंबून नव्हती. पण मुकाट्याने राहणे ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे, हे मला मान्य नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९८३च्या कॅनन कायद्याचे, म्हणजे धर्मनियमांच्या संहितेचे, २१२वे कलम सांगते की, ख्रिस्तसभेच्या हिताबद्दलचे आपले मत धर्माधिकाऱ्यांना आदराने कळवणे हा भाविकांचा हक्क आहे, आणि प्रसंगी ते कर्तव्यही आहे. १२८७व्या कलमानुसार भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांपुढे मांडावा लागतो. सिएनाची कॅथरीन ही एका रंगाऱ्याची मुलगी होती. तिने रोम सोडून फ्रान्समधल्या आविन्योंला राहणाऱ्या पोप अकराव्या ग्रेगरींना पत्रांमागून पत्रे लिहून रोमला परत चला असे ठणकावले, आणि १३७७ साली पोप रोमला परतले. तिला ख्रिस्तसभेने संत केले आणि १९७० साली धर्मपंडिताचा मानही दिला. तिने कळपाचे नुकसान केले, असे कोणी म्हणेल का?

वेदीसेवक

ज्या मजकुराने आपली झोप उडाली तो मीच लिहिला होता, त्यामुळे उत्तर देणे माझे काम आहे. आपण कलमे सांगितलीत, पण आपण कुठे राहतो हे सांगितले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या बेळगावातल्या सुवर्णसौधात धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेने संमत केले आणि त्याच महिन्यात शहरातल्या एका चर्चच्या आवारात एक माणूस हत्यार घेऊन फादरांच्या मागे धावला. त्या दिवसांत नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला बायकामुलांना न्यावे की नाही, याचा आमच्या घरी दोन रात्री विचार चालला होता. अशा काळात आपल्याच फादरांची लक्तरे वेशीवर टांगली तर त्यांचा उपयोग कोण करून घेईल, हे मला सांगावे लागू नये.

दुसरी गोष्ट अशी की, धर्मगुरू पापी असला म्हणून संस्कार पोकळ होत नाहीत, हा वाद सोळाशे वर्षांपूर्वीच मिटला आहे. छळाच्या काळात ज्या बिशपांनी पवित्र ग्रंथ शत्रूच्या हवाली केले त्यांच्या हातचे संस्कार खोटे, असे उत्तर आफ्रिकेतले दोनातुसचे अनुयायी म्हणत होते, आणि संत ऑगस्टीन त्यांच्याशी वर्षानुवर्षे भांडले. संस्कार ख्रिस्ताचा असतो. मग फादरांच्या वागण्याने आपण एवढे अस्वस्थ का व्हावे?

लोंढ्याचा

वेदीसेवक, ज्याच्या घरात काही घडलेले नसते त्यालाच ऑगस्टीन इतक्या सहजपणे आठवतो.

माझे वडील लोंढ्याला रेल्वेत होते. माझ्या धाकट्या भावाला त्यांनी चर्चच्या एका वसतिगृहात ठेवले. ते कुठले, हे मी सांगणार नाही आणि तिथे काय झाले तेही इथे लिहिणार नाही. वडिलांनी वर तक्रार केली. ‘चौकशी करतो’ असे आश्वासन मिळाले, आणि सहा महिन्यांनी त्या फादरांची बदली झाली. निरोप समारंभात त्यांना शाल दिली गेली आणि मुलांकडून गाणे म्हणवून घेतले गेले. त्या मुलांत माझा भाऊही उभा होता. वडील शेवटपर्यंत मिस्सेला जात राहिले, पण ते मागच्या दारापाशी उभे राहत आणि ख्रिस्तशरीर घ्यायला पुढे जात नसत. मी मात्र त्या दिवसापासून पाऊल ठेवलेले नाही.

बोस्टनमध्ये नेमके हेच घडत होते. तक्रार आली की बदली, नवे गाव, नवी मुले. २००२ साली वर्तमानपत्राने ते उघड केले, तेव्हा तिथल्या अठ्ठावन्न धर्मगुरूंनी बोस्टनचे आर्चबिशप कार्डिनल लॉ यांनी पायउतार व्हावे अशा पत्रावर सह्या केल्या आणि डिसेंबरात त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला. पुढे काय झाले? २००४ साली त्यांना रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या बासिलिकेचे प्रमुखपद मिळाले. मलप्रभाताई, तुमची कलमे अशा व्यवस्थेपुढे काय करणार?

आजरेकर

माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. विश्वास जाण्याची सुरुवात पैशाने होत नाही, भाषेने होते. आमच्याकडे मराठी बोलणारी घरे जास्त आहेत, पण प्रवचन कधी कोकणीत, कधी इंग्रजीत, तर कधी कन्नडमध्ये होते. माझ्या आईला पाप निवेदन करायचे तर ते ऐकणाऱ्याला तिचे मराठी निम्मेच कळते. जो माझ्या आईचे पाप समजून घेऊ शकत नाही, त्याच्यावर तिने विश्वास कसा ठेवावा?

मलप्रभा

आजरेकर, आपल्या आईंचे दुःख खरे आहे, पण आमचे फादर अस्खलित मराठी बोलतात आणि ‘देवाला दिलेल्याचा हिशेब’ हे वाक्यही त्यांनी मराठीतच ऐकवले. भाषेचा प्रश्न स्वतंत्र धाग्यात मांडा, मी तिथे नक्की लिहीन.

लोंढ्याचा दादा, तुमच्या भावाबद्दल वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. तुम्ही परत या, असे मी म्हणणार नाही, तो अधिकार मला नाही. पण ‘कलमे काय करणार’ याचे उत्तर चिलीतल्या ओसोर्नोच्या लोकांनी दिले आहे. मार्च २०१५ मध्ये बिशप बारोस यांचा पदग्रहण विधी होता, तेव्हा अत्याचार झाकल्याचा आरोप असलेला बिशप आम्हाला नको म्हणून तिथले कॅथलिक काळे कपडे घालून कॅथेड्रलमध्येच उभे राहिले. तीन वर्षे ते हटले नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या आरोपांना बदनामी म्हटले, आणि एप्रिलमध्ये त्याच पोपनी आपले गंभीर चुकले असे लिहून क्षमा मागितली. मे महिन्यात चिलीच्या सगळ्या बिशपांनी राजीनामे देऊ केले आणि जूनमध्ये बारोस गेले. ओसोर्नोचे लोक चर्च सोडून घरी बसले असते, तर हे झाले असते का? आणि ते मुकाट्याने गुडघे टेकून राहिले असते, तर झाले असते का?

कॅम्पवासी

मी बँकेत चौतीस वर्षे काढली आणि त्यातली नऊ वर्षे शाखांचे हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे मला या सगळ्यात एकच गोष्ट दिसते. पैसे थांबवा. चर्चला द्यायचे दानाचे महिन्याचे पाकीट रिकामे द्या आणि आत चिठ्ठी ठेवा : ‘छपराचा हिशेब वाचल्यावर देऊ.’ तीन महिन्यांत हिशेब फलकावर लागेल. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असणे ५३७व्या कलमाने बंधनकारक आहे. तुमच्याकडे ती आहे का? तिची बैठक शेवटची कधी झाली?

सांजघंटा

कॅम्पवासी काका, पाकीट रिकामे देण्याचा सल्ला देणे सोपे आहे. मी आमच्या धर्मग्रामात अठरा वर्षे मुलांना धर्मशिक्षण देते. एका वर्षी रागावलेल्या लोकांनी असेच पैसे थांबवले होते. फादरांच्या गाडीत पेट्रोल पडतच होते, पण वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा पगार दोन महिने थकला. तिने कोणाचा काय अपराध केला होता? त्या बाई मुलींच्या भाकऱ्या थापता थापता मला म्हणाल्या होत्या, ‘टीचर, तुमचं भांडण मोठ्यांशी आणि उपास मला.’

कॅम्पवासी

हा भावनेचा मुद्दा झाला. स्वयंपाकीणबाईंचा पगार थकवला तो फादरांनी, लोकांनी नव्हे. लोकांवर दोष ढकलण्याची हीच जुनी युक्ती आहे, आणि आपण शिकलेल्या असून तिला बळी पडता याचे मला वाईट वाटते.

सांजघंटा

मी बळी पडले नाही, मी त्या स्वयंपाकघरात उभी होते. बेळगावच्या कॅम्पातल्या बंगल्यात बसून खानापूरच्या रानातल्या वसतिगृहाचा हिशेब तपासता येत नाही.

कॅम्पवासी

माझा बंगला नाही, दोन खोल्या आहेत. आपण हे शब्द मागे घ्यावेत.

वेदीसेवक

पाहा, काही ओळींतच आपण एकमेकांची घरे मोजू लागलो. मला हीच भीती होती.

लोंढ्याचा

वेदीसेवक, भांडण दिसले की तुम्हाला शांतता आठवते, तक्रार दिसते तेव्हा आठवत नाही. आमच्या वडिलांनाही ‘शांतता राखा’ असेच सांगण्यात आले होते.

मलप्रभा

सांजघंटाताई आणि काका, दोघांचेही म्हणणे एकत्र बसवता येते. बोस्टनच्या काही सामान्य कॅथलिकांनी दान थांबवले नाही, त्याची वाट बदलली. त्यांनी वेगळा निधी उभारला आणि तो गरिबांच्या कामासाठी देऊ केला. कार्डिनल लॉ यांचा विरोध असूनही कॅथलिक चॅरिटीज या संस्थेने तो स्वीकारला. आपणही छपराची पुढची वर्गणी थांबवू शकतो आणि स्वयंपाकीणबाईंचा पगार थेट त्यांच्या हातात, सही घेऊन देऊ शकतो.

सांजघंटा

बंगल्याचा शब्द मी मागे घेते, कॅम्पवासी काका. पगार थेट हातात पडणार असेल तर माझी तक्रार नाही. पण हे बोलणाऱ्यांपैकी दर महिन्याला पैसे घेऊन येणार कोण, ते आधी ठरवा.

कॅम्पवासी

मी येईन. खानापूरला बसने पाऊण तास लागतो. वर्गणी पूर्ण थांबवावी हे माझे मत मात्र कायम आहे.

वेदीसेवक

मी दोन गोष्टी मनाविरुद्ध मान्य करतो. पहिली अशी की, मैसूरचे उदाहरण माझ्या मनात सलत होते आणि मी ते मुद्दाम लिहिले नव्हते. तिथे २०१९ साली सदतीस धर्मगुरूंनीच आपल्या बिशपांविरुद्ध तक्रार पाठवली. बिशपांनी आरोप नाकारले, तरी जानेवारी २०२३ मध्ये ते रजेवर गेले आणि कारभार बर्नार्ड मोरास यांच्याकडे आला. ते एकेकाळी आपल्या बेळगावचे बिशप होते. वर्षभराने बिशपांचा राजीनामा स्वीकारला गेला. आरोप खरे की खोटे, हे मी ठरवू शकत नाही. पण त्या धर्मगुरूंना मी कळपाचे शत्रू म्हणू शकलो नाही, आणि मग मलप्रभाताईंना तरी का म्हणावे?

दुसरी गोष्ट लोंढ्याचा यांच्यासाठी आहे. संस्कार ख्रिस्ताचा असतो हे मी आजही मानतो. पण तुमचे वडील मागच्या दारापाशी का उभे राहत, हे ते वाक्य लिहिताना मला माहीत नव्हते. माहीत असते तर मी ते तुमच्यापुढे लिहिले नसते.

लोंढ्याचा

ठीक आहे. मी परत येणार नाही, पण तुमचे हे वाक्य भावाला वाचून दाखवीन.

मलप्रभा

मी छपराच्या हिशेबासाठी १२८७व्या कलमाचा उल्लेख करून अर्ज तयार केला आहे. सासूबाईंच्या पावतीची प्रत सोबत जोडली आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या व्हरांड्यात सह्या घेणार आहे.

वेदीसेवक

मी सही करीन, पण माझी एक अट आहे. अर्ज आधी फादरांना समोरासमोर वाचून दाखवायचा आणि त्यांना पंधरा दिवस द्यायचे. त्याआधी बिशपांकडे प्रत जाणार असेल तर मी येणार नाही.

कॅम्पवासी

पंधरा दिवस मान्य आहेत. पण अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर फादरांची तारखेसह पोच घ्या.