स्विफ्टला १६ इंची अलॉय चाके बसवावीत का?

प्रश्न: डिचोलीकर

नमस्कार. माझ्याकडे मारुती स्विफ्टचे खालच्या श्रेणीचे मॉडेल आहे आणि कंपनीने तिला १४ इंची लोखंडी रिम व १६५/८० आर १४ मापाचे (रुंदी १६५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची) टायर दिलेले आहेत. टायर झिजत आले असून ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताना भरवसा वाटत नाही. नवे टायर घ्यायचेच आहेत, तर त्याबरोबर अलॉय चाकेही बसवून घ्यावीत असा विचार आहे. म्हापशातील एका दुकानात मला १६ इंची, ७ जे (म्हणजे सात इंच) रुंदीची, पाठीमागे ईटी ३५ असे कोरलेली चाके दाखवण्यात आली. त्यांवर १९५/५० आर १६ टायर येतील असे दुकानदार म्हणतो. प्रत्येक चाकाला चारऐवजी आठ भोके आहेत. एकच चाक निरनिराळ्या गाड्यांना चालावे म्हणून ती पाडलेली असतात आणि नट आवळले गेले की चाक बसले असे समजावे, असे त्याचे म्हणणे.

गाडी एरवी डिचोली ते पणजी अशी धावते, अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगावला जाते, आणि चतुर्थीला मूळ घरी जाताना तीत पाच माणसे व डिकीभर सामान असते. सासरवाडी मोरजीला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे गाडी तिथेही बऱ्याचदा उभी राहते. हे माप गाडीला योग्य आहे का, विम्याच्या वा कायद्याच्या दृष्टीने काही अडचण येईल का, आणि खाऱ्या हवेत अशी चाके टिकतात का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: फोंडेकर

डिचोलीकर बाब, नट आवळले जाणे ही फार तर पहिली पायरी आहे. चाक गाडीला योग्य आहे की नाही, हे नटांची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास, रिमची रुंदी आणि ऑफसेट या गोष्टी एकत्र पाहूनच ठरते, आणि दुकानात बहुधा इंचांपलीकडे बोलणेच होत नाही.

स्विफ्टच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला, नट चढवायचे चार स्टड असून त्यांचे वर्तुळ, म्हणजे पीसीडी, १०० मिमी आहे. आठ भोकांच्या चाकात त्यांपैकी चार १०० मिमीची आणि उरलेली चार दुसऱ्या एखाद्या मापाची असतात. त्यात गैर काही नाही. सावध राहायचे ते जुन्या बाजारातल्या चाकांबाबत, कारण फियाटच्या पुंटो, पालिओ, लिनिया या गाड्यांचे वर्तुळ ९८ मिमी आहे आणि ही चाके स्विफ्टच्या हबवर चढतातही. दोन मिलिमीटरांचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण नट आपल्या खाचेत पूर्ण न टेकता तिरके बसतात आणि धावत्या गाडीत सैल होऊ लागतात.

मधले भोक हा दुर्लक्षित भाग आहे. स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिमीचा आहे, तर बाहेरची चाके सर्वांना चालावीत म्हणून त्यांचे भोक पुष्कळदा ७३.१ मिमीचे ठेवतात. ही मोकळी जागा भरून काढणारी हब रिंग घातली नाही, तर चाक बरोबर मध्यावर बसण्याची हमी राहत नाही आणि ८० च्या पुढे स्टिअरिंगला थरथर जाणवते. मग माणूस पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून घेतो आणि मूळ कारण तसेच राहते. रिंग ७३.१ ते ५४.१ अशी नेमक्या मापाची मागावी. नटही अलॉयचे, निमुळत्या बैठकीचे आणि १२ × १.२५ आट्यांचेच हवेत. १२ × १.५ आट्यांचे नट इतर अनेक गाड्यांना लागत असल्याने दुकानात हाताशी असतात, आणि एअर गनने जबरदस्तीने चढवले तर स्टडचे आटे कायमचे जातात.

आता रुंदी आणि ऑफसेट. चाकाचा हबला टेकणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, तो मिलिमीटरमधला आकडा म्हणजे ऑफसेट, आणि चाकावर तो ईटी असा कोरतात. तो जितका कमी, तितके चाक गाडीच्या बाहेर येते. आपल्या सध्याच्या रिमच्या मागे रुंदी व ईटी कोरलेली असते, ती आधी वाचून घ्यावी. समजा ती ५ जे, ईटी ४५ अशी निघाली, तर दुकानदाराची ७ जे, ईटी ३५ ही रिम बाहेरच्या बाजूला सुमारे ३५ मिमी आणि आतल्या बाजूला सुमारे १५ मिमी सरकेल, कारण रुंदीतली दोन इंचांची वाढ दोन्हीकडे निम्मी-निम्मी वाटली जाते आणि ऑफसेटमधला १० मिमीचा फरक बाहेरच्या अंगाला जमा होतो, तर आतल्या अंगाला वजा. रिकाम्या गाडीत हे खपून जाईल, पण चतुर्थीच्या भरलेल्या गाडीत मागचे सस्पेन्शन दबले की टायर फेंडरच्या कडेला घासण्याची शक्यता राहते. चोर्ल्याच्या वळणांवर स्टिअरिंग पुष्कळ फिरवावे लागते, तेव्हा पुढच्या बाजूला आतले अस्तरही घासू शकते. शिवाय चाक बाहेर आले की व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि खड्ड्यातला प्रत्येक धक्का स्टिअरिंगपर्यंत अधिक जोराने पोहोचतो.

टायरच्या मापाबद्दल तर स्पष्टच नकार द्यावा. आपल्या मूळ टायरचा एकूण व्यास सुमारे ६२० मिमी आहे आणि १९५/५० आर १६ चा सुमारे ६०१ मिमी. गाडी ९ मिमी खाली बसेल आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा तीन टक्क्यांनी जास्त दाखवू लागेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भारांक. मूळ टायरचा भारांक ८५, म्हणजे एका टायरला ५१५ किलो, तर १९५/५० आर १६ हा टायर साधारणपणे ८४ भारांकात, म्हणजे ५०० किलोंच्या क्षमतेत मिळतो. दिसायला रुंद असलेला टायर कमी वजन पेलतो हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. १६ इंचांचाच हट्ट असेल तर १९५/५५ आर १६ घ्यावा. त्याचा व्यास सुमारे ६२१ मिमी येतो आणि ८७ भारांकात तो ५४५ किलो पेलतो.

माझे मत विचाराल तर १६ इंचांच्या नादी लागूच नये. मारुती स्वतः स्विफ्टच्या वरच्या श्रेणीला १८५/६५ आर १५ टायर देते, ज्याचा व्यास सुमारे ६२१ मिमी आणि भारांक ८८ आहे. सस्पेन्शन आणि फेंडर यांच्या मोजमापात ते चाक कंपनीनेच बसवून दिलेले आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची आपल्याकडे सध्या १३२ मिमी आहे. १५ इंचात ती १२० राहते, दुकानदाराच्या मापात ९७ वर येते. पावसाळ्यात पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यात चाक आदळले की त्या भिंतीचाच आधार असतो. लोखंडी रिम वाकते आणि ठोकून सरळ होते, अलॉय मात्र तडकू शकते, आणि तडकलेली रिम वेल्डिंग करून पुन्हा वापरणे मला कोणत्याही किमतीला मान्य नाही.

उत्तर: पर्वरीचा वाचक

तांत्रिक बाजू वर नीट आली आहे, मी फक्त कागदपत्रांबद्दल लिहितो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आपल्या मॉडेलच्या वरच्या श्रेणीला कंपनीच देते ते माप निवडले, तर वाद उद्भवण्याचे कारण फारसे उरत नाही. फेंडरबाहेर डोकावणारी चाके मात्र लांबूनही नजरेत भरतात.

विमा कंपनीला चाके बसवल्यावर लेखी कळवावे आणि बिल जोडून त्यांची किंमत पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावी. त्यासाठी थोडा वाढीव हप्ता पडतो, पण न कळवलेल्या चाकांची भरपाई मागताना होणारा वाद त्यापेक्षा महाग पडतो. एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. नेहमीच्या पॉलिसीत फक्त टायर फुटला तर काही मिळत नाही, आणि गाडीचेही त्याच वेळी नुकसान झाले असेल तर टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंतच भरपाई मिळते.

घेताना रिमवर आय.एस.आय. चिन्ह पाहावे. आयात केलेल्या चाकांवर जेडब्ल्यूएल व व्हीआयए ही जपानी चाचण्यांची चिन्हेही आढळतात, परंतु ती नुसती स्टिकरवर असतील तर त्यांना अर्थ नाही, धातूत उठवलेली असावीत. रिमवर कमाल भारही लिहिलेला असतो, तोही वाचावा.

उत्तर: बायणा-वास्को

समुद्राजवळ राहणाऱ्याने चाकांच्या नक्षीपेक्षा त्यांवरचा लेप पाहावा, असे माझे ठाम मत आहे. ज्यांचा पुढचा भाग यंत्रावर कातून चकचकीत केलेला असतो, ती चाके दुकानात सर्वांत देखणी दिसतात आणि आपल्या हवेत सर्वांत आधी खराब होतात. त्या उघड्या ॲल्युमिनियमवर फक्त पारदर्शक लॅकरचा थर असतो. फुटपाथला कड घासून तो एकदा उडाला की खारे पाणी थराखाली शिरते आणि किड्याने पोखरल्यासारख्या पांढुरक्या रेषा पसरू लागतात. क्रोमचा मुलामा दिलेली चाके तर मोरजीत नकोतच. सर्व बाजूंनी पावडर कोटिंग केलेली साधी चंदेरी किंवा राखाडी चाके घ्यावीत. वॉशिंग सेंटरवर चाके उजळवायला आम्लयुक्त द्रव मारतात, तो मारू देऊ नये. साधे गोडे पाणी आणि गाडीचा शॅम्पू पुरतो, मात्र किनाऱ्यावरून आल्यावर आतल्या बाजूलाही पाण्याचा फवारा द्यावा.

हब लोखंडी आणि चाक ॲल्युमिनियमचे, त्यात खारा ओलावा शिरला की दोन धातू एकमेकांना धरून बसतात आणि पंक्चरच्या वेळी नट काढूनही चाक निघत नाही. बसवण्यापूर्वी हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून त्याच्या टेकणाऱ्या भागावर अँटी-सीझ पेस्टचा अगदी पातळ हात द्यावा, पण स्टडच्या आट्यांना ती लावू नये, कारण आटे निसरडे झाले की टॉर्क रेंचवरचा (नट किती जोराने आवळला ते मोजणाऱ्या पान्यावरचा) आकडा फसवा ठरतो. हब रिंगही याच कारणासाठी किनारपट्टीवर प्लास्टिकची बरी, ॲल्युमिनियमची रिंग हबवरच जखडून बसते.

जाता जाता एक सांगतो. डिचोली-साखळी भागातील तांबडी माती पावसात रिमच्या आतल्या पोकळीत थापली जाते, वाळते, आणि गाडी थरथरू लागते. बॅलन्सिंगला पैसे घालण्यापूर्वी चाके आतून धुऊन पाहावीत.

प्रतिसाद: डिचोलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सध्याच्या रिमची रुंदी आणि ईटी पाहून घेतो आणि दुकानदाराला १५ इंची, पावडर कोटिंगची चाके व १८५/६५ आर १५ टायर यांसाठी विचारतो. स्टेपनी मात्र १४ इंची लोखंडीच राहणार. ती चालेल का, आणि तिच्यासाठी जुने नट जपून ठेवावेत का?

उत्तर: फोंडेकर

चालेल. दोन्ही टायरांच्या व्यासात जेमतेम दोन मिलिमीटरांचा फरक आहे, त्यामुळे पंक्चरवाल्यापर्यंत बेताच्या वेगाने जायला अडचण नाही. जुन्या चाकांमधला जो टायर सर्वांत कमी झिजलेला असेल तो स्टेपनीत ठेवावा. कायद्याने किमान १.६ मिमी खाच उरलेली लागते, पण पावसाळ्यासाठी त्याहून बरी असलेली निवडा. नवे नट लोखंडी रिमच्या बैठकीत नीट टेकतात का, हे दुकानातच स्टेपनी एकदा चढवून पाहावे. शंका राहिली तर जुने नट पिशवीत घालून डिकीतच ठेवा.

चाके बसवताना शेवटची आवळणी एअर गनने न करता टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर, समोरासमोरच्या क्रमाने करून घ्या. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासा, कारण नव्या अलॉयमध्ये नटांची बैठक थोडी दबते. अलाइनमेंट त्याच दिवशी झाली तर उत्तम. दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी मागच्या सीटवर तीन माणसे बसवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहा. घासल्याचा आवाज आला तर चाके तिथल्या तिथे परत करता येतात, टायर रस्त्यावर वापरल्यानंतर ती सोय राहत नाही.