मदत हवी आहे: बोटीतून ग्रिझली अस्वलं बघायची आहेत, जून की सप्टेंबर?

नमस्कार मंडळी,

आम्ही व्हँकुव्हरजवळ बर्नाबीला राहतो. पुढच्या वर्षी आई-बाबा नाशिकहून येणार आहेत आणि बाबांची एकच फर्माईश आहे: ग्रिझली दाखव, पण प्राणिसंग्रहालयातलं नको. ताडोब्यात त्यांनी वाघांचे बरे फोटो काढलेत. पण तिथे जिप्सी थांबते, इथे बोट हलत राहणार. आईचे गुडघे दुखतात, म्हणून चालण्याच्या सहली बाद.

वाचून एवढं कळलं की व्हँकुव्हर बेटावर काळी अस्वलं आहेत, ग्रिझली मात्र एखादं चुकूनमाकून पोहत आलं तरच. त्यांच्यासाठी समोरच्या मुख्य भूमीवरच्या खाड्यांत जावं लागतं. नाइट इनलेट, ब्यूट इनलेट आणि पार उत्तरेला प्रिन्स रुपर्टजवळचं खुट्झेमटीन, ही नावं सगळीकडे दिसतात. जावं कुठे आणि कधी? तोंडात सामन मासा धरलेलं अस्वल हवं असेल तर सप्टेंबरच ना?

कॅमेरा कॅनन आर१०, सोबत १८-१५० लेन्स. मोठी लेन्स भाड्याने घ्यावी का? ट्रायपॉड न्यावा का? आईला बोट लागते, तेही आहेच.

रानवेडा:
सप्टेंबरचा हट्ट धरण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. मासे अंडी घालायला नदीत वर चढतात, अस्वलं त्यांच्या मागे जातात आणि बोट तिथवर जाऊ शकत नाही. त्यामुळे शरद ऋतूतल्या बहुतेक सहलींत बोट ही फक्त पोचवायला. व्हँकुव्हर बेटावरच्या कॅम्पबेल रिव्हर गावाहून ब्यूट इनलेटला गेलात की पुढे ऑर्फर्ड नदीकाठी तिथल्या मूळनिवासी होमाल्को लोकांचे वाटाडे गाडीतून फिरवतात आणि मचाणांवरून अस्वलं दाखवतात. सहल सुंदरच, पण मचाण म्हटलं की पायऱ्या आल्या. आईंचं आधी विचारून घ्या.

मे-जूनमध्ये अस्वलं चक्क चरतात! खाडीच्या तोंडाशी लव्हाळ्यासारखं कोवळं गवत उगवतं, त्यात प्रथिनं भरपूर. हिवाळी झोपेतून उठलेली अस्वलं तासन् तास तेच खात उघड्यावर उभी असतात. ओहोटी लागली की किनाऱ्यावरचे दगड उलथून खाली काय मिळतं ते बघतात. हाच त्यांचा जुगण्याचाही काळ, त्यामुळे मोठे नर माद्यांच्या मागावर फिरताना दिसतात, आणि पिल्लंवाल्या माद्या त्यांच्यापासून लांब राहतात. बोटीत बसून निवांत बघायचं असेल तर माझं मत जूनला. सामनचा फोटो सगळ्यांकडे असतो हो.

खुट्झेमटीन हे १९९४ साली खास ग्रिझलींसाठी राखलेलं अभयारण्य आहे. प्रिन्स रुपर्टच्या दिवसाच्या सहलीत किनाऱ्यावर उतरवत नाहीत, सगळं बोटीतूनच. गुडघ्यांसाठी याहून सोयीचं काही नाही. फक्त गाडीने जायचं मनात आणू नका, व्हँकुव्हरहून जवळजवळ १५०० किलोमीटर आहे. विमानाने जा, आणि हवेचा भरवसा नाही म्हणून हाताशी एक जादा दिवस ठेवा.

पश्चिमकिनारा:
कॅमेऱ्याचं सांगतो. ट्रायपॉड घरी ठेवा. इंजिनाची थरथर त्याच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात येते, शिवाय दाटीत लोक अडखळतात. कठड्यालाही टेकू नका, कोपरं अंगाशी घ्या.

१८-१५० पुरणार नाही. आर१० च्या बॉडीत स्थिरीकरण (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) नाही, म्हणून ते लेन्समध्ये असलेलं बघून घ्या. कॅननची आरएफ १००-४०० लेन्स वजनाला ६३५ ग्रॅम, बाबांच्या हाताला झेपेल. आर१० च्या लहान (क्रॉप) सेन्सरवर ६४० मिलिमीटरसारखी चालते. अंधारी लेन्स आहे, म्हणजे उजेड कमी घेते, हे खरं, आणि तिकडे आभाळ बहुतेक भरलेलंच. तरी शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) चढला तर चढू द्या. दाण्यांचा फोटो सुधारता येतो, हललेला नाही. मागे काळंभोर जंगल असल्याने कॅमेरा फोटो नको तेवढा उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर थोडं उणे करा.

पावसात लेन्स बदलू नका. आणि बाहेरचा गार कॅमेरा एकदम गरम केबिनमध्ये नेलात की काचेवर वाफ धरते. तो बाहेरच पिशवीत राहू द्या.

सुगरण_रिचमंड:
आईंना बोट निघण्याआधी गोळी द्या, नंतर उपयोग नाही. नाशिकहून अ‍ॅव्होमिन आणतीलच, नाहीतर इथे ग्रॅव्हॉल मिळते. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. रबरी झोडियाक बोट घेऊ नका, आपटते फार. बंदिस्त, संडास असलेली बोटच घ्या. शाकाहारी जेवणाचं बुकिंगच्या वेळीच कळवा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार! बाबा जूनला तयार झाले, सामनवर थोडी घासाघीस झाली. आता खुट्झेमटीनच बघतेय. एक राहिलंच: फोटो काढायला बोटीत उभं राहू देतात का?

रानवेडा:
बोटीवर अवलंबून आहे. आधी बोटवाल्याला विचारायचं, मग सावकाश उठायचं. अस्वल जवळ असताना सगळे एकदम एका बाजूला धावले तर बोट कलते आणि अस्वलही बिचकतं. शक्य असेल तर बसूनच काढा: नजर खाली असली की अस्वल डोळ्यांच्या पातळीवर येतं, फोटोही चांगला येतो.