हार्डविक हॉलला एवढ्या खिडक्या कशाला?

इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा हार्डविक हॉल हा जुना वाडा बघून आले, भिंती कमी नि काचाच जास्त! तिकडच्या थंडीत हे कुणाला सुचलं असेल?

>> शायनिंग हो, दुसरं काय :) काच तेव्हा प्रचंड महाग, आणि बेस ऑफ हार्डविक चार लग्नं करून गडगंज झालेली, तिने १५९० च्या दशकात रॉबर्ट स्मिथसनच्या डिझाइनने हे बांधून घेतलं, वर बुरुजांवर स्वतःची 'ईएस' (एलिझाबेथ श्रूजबरी, हे तिचंच नाव) अक्षरं दगडात, म्हणजे लांबूनच कळावं घर कुणाचं ते.

>> सगळ्या खिडक्या खऱ्या नाहीत बरं का, काहींमागे चक्क धुराडी आहेत, बाहेरून सिमेट्री दिसावी म्हणून नुसती काच. आणि वर जाल तशा खिडक्या उंच होतात, कारण मानाची दालनं सगळ्यात वर.

>> अय्या, धुराडी? फोटो झूम करून बघते आता.