अनुभव धागा: ब्रोशरमधलं इंजिन आणि बॉनेटखालचं इंजिन

धागाकर्ती

नव्या स्पोर्ट्‌स कारच्या जाहिरातीत इंजिनाबद्दल जे सांगितलं जातं आणि गाडी दारात आल्यावर जे हाती लागतं, त्यात तफावत अनुभवलेल्यांनी इथे सविस्तर लिहावं, ही विनंती. रंग, सीट, सर्व्हिसच्या तक्रारी नकोत. कंपनीने काय सांगितलं, प्रत्यक्षात काय निघालं आणि ते तुम्हाला कसं कळलं, हे तिन्ही लिहा. स्वतःच्या अनुभवात कंपनीचं नाव टाळा. जगजाहीर झालेली प्रकरणं नावानिशी चालतील.

सुरुवात मीच करते. माझ्या गाडीच्या ब्रोशरवर ‘थेट रेस ट्रॅकवरून आलेलं टर्बो तंत्रज्ञान’ असं ठळक छापलं होतं. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबणारी यंत्रणा. यातला नेमका कोणता भाग ट्रॅकवरून आला, टर्बाइन, बेअरिंग की इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग), हे मी शोरूममध्ये विचारलं. उत्तर म्हणून तेच पान पुन्हा वाचून दाखवण्यात आलं. पुढे सुट्या भागांच्या यादीत पाहिलं, तर टर्बोचा पार्ट नंबर त्याच कंपनीच्या साध्या सेदानचा निघाला. टर्बो उत्तम चालतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण ट्रॅकवरचं इंजिन खरोखर रस्त्यावर आणायला काय लागतं, हे मर्सिडीज-एएमजी वनने दाखवलंय. त्यात फॉर्म्युला वनचं १.६ लिटर व्ही-६ आहे. रेसमध्ये ५,००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) आसपास आयडल करणारं, म्हणजे गाडी उभी असतानाही तितकं फिरणारं, ते इंजिन १,२०० वर शांत उभं करणं आणि धुराच्या नियमांत बसवणं इतकं किचकट ठरलं, की २०१७ मध्ये दाखवलेल्या गाडीचं उत्पादन सुरू व्हायला २०२२ उजाडलं. हे कष्ट ज्यांनी घेतले, त्यांच्याच शब्दांवर बाकीच्यांनी हक्क सांगावा, याचा मला राग येतो.

रोलरवाला

मी डायनो, म्हणजे गाडीची चाकं रोलरवर फिरवून पॉवर मोजणारं यंत्र, चालवतो. नवी गाडी घेऊन येणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली: ‘ब्रोशरपेक्षा आकडा कमी आला, फसवलं.’ थांबा. ब्रोशरमधली पॉवर क्रँकशाफ्टवरची, म्हणजे इंजिनातून बाहेर पडतानाची असते, माझा रोलर मोजतो ती चाकांवरची. गिअरबॉक्स, डिफरन्शिअल आणि टायर मिळून साधारण १० ते १५ टक्के खातात. त्याला फसवणूक म्हणू नका.

दुसरी गोष्ट एककाची. पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) आणि एचपी (हॉर्सपॉवर) एक नव्हेत. ४०० पीएस म्हणजे सुमारे ३९४ एचपी. दोन गाड्यांची तुलना करताना जाहिरातवाले सोयीचं एकक उचलतात.

खरी गडबड मला दिसते ती तिसऱ्या-चौथ्या रनला. एक टर्बो कूपे आली होती. पहिल्या रनला दावा जवळजवळ खरा ठरला. नंतर इंटरकूलर तापला, आत जाणारी हवा तापली, ईसीयूने (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने) नॉकपासून, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांपासून, इंजिन वाचवायला इग्निशन मागे घेतलं, ठिणगी उशिरा टाकली आणि पॉवर घसरत गेली. मालकाने ब्रोशर काढलं. तळटीप भिंगातून वाचावी लागली: कमाल पॉवर ओव्हरबूस्टमध्ये (टर्बोचा दाब नेहमीपेक्षा वाढवून), मर्यादित काळासाठी. म्हणजे मोठ्या अक्षरातला आकडा काही सेकंदांचा पाहुणा. त्या मालकाला गाडी ट्रॅकवर न्यायची होती आणि तसं त्याने विकत घेताना सांगितलंही होतं. तिथे लॅप संपेपर्यंत टिकणारी पॉवर लागते. तो काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा माझ्या लक्षात आहे.

जुनी पानं

रोलरवाले म्हणतात ते बरोबर, पण डायनोवरूनच पकडली गेलेली प्रकरणंही आहेत. १९९९ ची फोर्ड मस्टँग कोब्रा ३२० एचपीची म्हणून विकली गेली. मालकांनी डायनोवर घातली, आकडे जुळेनात. ओरड इतकी झाली की फोर्डने विक्री थांबवली आणि विकलेल्या गाड्या परत बोलावून इनटेक मॅनिफोल्ड व एक्झॉस्टमध्ये दुरुस्त्या केल्या.

माझदाचं तर दोनदा झालं. २००१ ची मिआटा अमेरिकेत १५५ एचपीची म्हणून आली, खरा आकडा १४२. मग २००३ मध्ये रोटरी इंजिनाची आरएक्स-८ आली, तिचे २५० एचपी २३८ वर आणावे लागले. दोन्ही वेळा कंपनीने गाडी परत घेण्याची तयारी दाखवली. ही जबाबदारी घेतली, हे मी त्यांच्या खात्यावर मांडतो.

२००५ मध्ये एसएई या अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या संस्थेने प्रमाणित पॉवरची पद्धत आणली. चाचणीच्या वेळी स्वतंत्र साक्षीदार हजर हवा, हा तिचा गाभा. त्या सुमारास नव्या नियमांनी मोजल्यावर टोयोटा कॅमरीचं ३ लिटर व्ही-६ २१० वरून १९० एचपीवर आलं, इंजिन तेच असताना. उलट कॉर्व्हेट झेड-०६ चं ७ लिटर इंजिन आधी सांगितलेल्या ५०० वरून ५०५ वर गेलं. प्रमाणित आकडा मिरवणाऱ्या पहिल्या इंजिनांपैकी ते एक. ही पद्धत ऐच्छिक आहे, हे मात्र ध्यानात ठेवा.

चौथा गिअर

माझा अनुभव आवाजाचा. जाहिरातीत ‘सहा सिलिंडरची नैसर्गिक गर्जना’ होती आणि खरं सांगायचं तर मी तिच्यासाठीच गाडी घेतली. एकदा ऑडिओचा फ्यूज उडाला. त्याच रस्त्यावर, त्याच आरपीएमला गाडी गप्प. गर्जनेचा मोठा हिस्सा डॅशबोर्डमधल्या स्पीकरचा होता. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम-५ मध्ये हेच केलं, पण ॲक्टिव्ह साउंड असं नाव देऊन उघडपणे. मी सांगून केलेल्या गोष्टीवर वाद घालणार नाही. ‘नैसर्गिक’ या शब्दाचं उत्तर मात्र मला अजून मिळालेलं नाही.

बेरीजवजाबाकी

हायब्रिडबद्दल थोडक्यात. माझ्या गाडीच्या जाहिरातीत पेट्रोल इंजिनाची कमाल पॉवर आणि मोटरची कमाल पॉवर यांची सरळ बेरीज छापली होती. दोघांचे कळस वेगवेगळ्या आरपीएमला येतात, आणि बॅटरी मोटरला किती करंट देऊ शकते ही तिसरी मर्यादा असतेच. घाटात बॅटरी उतरली की उरतं फक्त इंजिन. टेस्लाच्या पी-८५डी वर असाच वाद झाला: मोटरांची बेरीज ६९१ एचपी, बॅटरीतून एका वेळी मिळणारी पॉवर त्याहून बरीच कमी. नॉर्वेतल्या मालकांनी दाद मागितली आणि २०१६ मध्ये तडजोड झाली.

कॉपी डेस्क

मी जाहिरात लिहिण्याच्या बाजूला काम केलंय, म्हणून ती बाजू सांगतो. इंजिनिअरांकडून येणारा कागद अगदी प्रामाणिक असायचा: व्हॉल्व्हच्या वेळा बदलणारी यंत्रणा, अमुक इतक्या अंशांपर्यंत. तो कागद वरून खाली येईपर्यंत ‘क्रांतिकारी’, ‘जगात प्रथमच’ असे शब्द चिकटत. आता बघा, व्हॉल्व्हच्या वेळा बदलणं अल्फा रोमिओने १९८० मध्येच रस्त्यावर आणलं. टर्बो १९६२ च्या ओल्ड्‌समोबील जेटफायरमध्ये होता. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणं १९५४ च्या मर्सिडीज ३००एसएलमध्ये होतं. आक्षेप आला की वाक्य ‘या श्रेणीत प्रथमच’ असं व्हायचं आणि मग श्रेणी इतकी चिंचोळी केली जायची की आत एकच गाडी मावेल: अमुक लांबी, दोन दारं, अमुक किमतीखाली. कायद्याने वाक्य खरं. ज्या इंजिनिअरांनी रात्री जागून दोन अंश जास्त मिळवले, त्यांचं काम मात्र त्या वाक्यात कुठेच नसायचं. हा अन्याय मला वाचकांवरच्या अन्यायाइतकाच वाटतो.

९५ ऑक्टेन

मी कंपनीला पत्र लिहून चारच प्रश्न विचारले: पॉवर कोणत्या मानकाने मोजली, कोणत्या पेट्रोलवर, किती वेळ टिकते, आणि पूर्ण आलेख मिळेल का. बऱ्याच दिवसांनी नीट, सभ्य उत्तर आलं, आलेखासकट. जाहिरातीतला आकडा ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवरचा होता (ऑक्टेन जितकं जास्त, तितका नॉक कमी). टाकीच्या झाकणावर ‘किमान ९५’ लिहिलंय आणि मी तेच भरत होतो. ९५ वर नॉक सेन्सर इग्निशन मागे घेतो, पॉवर कमी मिळते, इंजिनाला धोका नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. आलेख इथे जोडतोय. रोलरवाले, ३,००० आरपीएमपाशी टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) रेघ एकदम सपाट होते, ती ईसीयूने मुद्दाम धरलेली आहे का, ते बघून सांगाल?