हार्वेस्टच्या रविवारी वर्षभराचं वचनकार्ड घ्यायचं का? ठाणे, नवी मुंबईतल्या मंडळ्यांनी सांगा

नेरुळची_मावशी:
सर्वांना जय ख्रिस्त. आमची सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) छोटी मराठी मंडळी आहे नवी मुंबईत, बहुतेक घरं नगर, जालना, सोलापूरकडून नोकरीसाठी आलेली, कोणी हॉस्पिटलात नर्स, कोणी शाळेत, कोणी रिक्षा चालवतं. यंदा मी पाळकीय कमिटीत आहे आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमचं हार्वेस्ट, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा सण, आहे त्याची तयारी चाललीये. भोपळे, केळीचे घड, नारळ, ऊस, मुरबाडकडचं एक घर भाताच्या लोंब्या आणतं, बाकी आपण सगळे एपीएमसीतून आणणारे. उपासना झाली की लिलाव. लिलावाला मजा येते, पोरं ओरडतात, म्हाताऱ्यांना गाव आठवतं, ते मला आवडतं. पण दोन-तीन घरं एकाच भोपळ्यावर चढाओढ करत हजारात जातात आणि जी बाई रात्री जागून चकल्या करून आणते ती मागच्या बाकावर गप्प बसलेली असते, हे मला बघवत नाही.

आणि दुसरं म्हणजे नोटीस बोर्डावर वर्गणी थकलेल्यांची यादी. आमच्या बिल्डिंगमधल्या एका ताईच्या नवऱ्याचं काम गेलं आणि ती चर्चला यायचीच थांबली. भेटून विचारलं तर म्हणाली, यादीत नाव आहे, कुठल्या तोंडाने येऊ. त्या दिवसापासून मला चैन नाही.

माझी मामेबहीण अमेरिकेत एपिस्कोपल चर्चला जाते. ती म्हणते तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रत्येक घर एक कार्ड भरून देतं की पुढच्या वर्षी आम्ही साधारण इतकं देऊ, आणि त्यावरून चर्चचं बजेट ठरतं. यादी लागत नाही, नाव वाचत नाहीत. हे आपल्याकडे चालेल का? कोणी केलंय का? दिवाळीच्या बोनसच्या आसपास विचारावं की मार्चनंतर? आणि जे खरंच देऊ शकत नाहीत त्यांचं काय? मनापासून विचारतेय, पुढच्या मीटिंगला मांडायचं आहे.

जर्सीवाला_कळवेकर:
जय ख्रिस्त मावशी. मी मूळचा कळव्याचा, आता न्यू जर्सीत, आमचं घर एपिस्कोपल चर्चला जातं. एपिस्कोपलसारखी सीएनआय पण जगभरच्या अँग्लिकन (मूळ इंग्लंडच्या चर्चच्या) परिवारातलीच असल्यामुळे इथली उपासना पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली. तुमच्या बहिणीने सांगितलं ते बरोबर आहे, पण कार्ड हा त्यातला फक्त शेवटचा भाग आहे, आधीचं काही न करता नुसतं कार्ड वाटलं तर त्याला इथेही कोणी भीक घालणार नाही.

इथे उन्हाळ्यात चर्च अर्धं रिकामं असतं, लोक सुट्टीवर. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्या की संडे स्कूल, क्वायर सगळं परत सुरू होतं आणि त्या रविवारी सगळे एकत्र जेवतात. मग ४ ऑक्टोबरच्या आसपास संत फ्रान्सिसच्या दिवसानिमित्त लोक कुत्री मांजरं घेऊन येतात आणि रेक्टर म्हणजे इथले पाळक त्यांना आशीर्वाद देतात, आमच्या मुलांचा हा सगळ्यात लाडका रविवार. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस, त्या वर्षात वारलेल्यांची नावं वाचतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, त्याच्या आधी गरजू घरांसाठी धान्य, डबाबंद जेवण गोळा होतं. मग आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे आठवडे, लागतो. ह्या सगळ्याच्या मधोमध देण्याचा विषय येतो, म्हणजे लोक आधी एकमेकांना भेटलेले असतात, एकत्र जेवलेले असतात, मग पैशाचं बोलणं निघतं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

व्हेस्ट्री म्हणजे आपली पाळकीय कमिटी समजा. ते आधी एक साधं पत्र पाठवतात, पगाराला इतके, विजेला इतके, छपराला इतके, डायसीसला (बिशपच्या हाताखालच्या विभागाला) इतके. डायसीसवरून आठवलं, इथे प्रत्येक डायसीसने वरच्या म्हणजे मध्यवर्ती चर्चला आपल्या उत्पन्नाच्या १५ टक्के द्यायचे असा नियम आहे, त्यामुळे वर किती जातं हेही लोकांना माहीत असतं. मग रविवारी मंडळीतलीच दोन-तीन माणसं उभी राहून सांगतात की मी का देतो. पाळक नाही, आपल्यातलीच माणसं. मागच्या वेळी एका निवृत्त बस ड्रायव्हरने सांगितलं की बायको आजारी असताना चर्चमधून रोज कोणीतरी जेवण आणून द्यायचं, आता माझी पाळी. त्यानंतर कोणाला काही समजवायची गरजच उरली नाही.

कार्डं बंद पाकिटात वेदीवर ठेवतात. आमच्याकडे आकडे फक्त खजिनदार बघतात, रेक्टरनासुद्धा ठाऊक नसतात. काही चर्चमध्ये रेक्टर बघतात, ते ज्याचं त्याने ठरवायचं. आणि कार्ड म्हणजे कर्ज नाही, नोकरी गेली की खजिनदाराला एक फोन करायचा आणि आकडा बदलायचा, कोणी कारण विचारत नाही. तुमच्या त्या ताईंना हेच हवं होतं.

एपिस्कोपल चर्चच्या जनरल कन्व्हेन्शनने, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च सभेने, १९८२ मध्ये दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) हे देण्याचं किमान माप म्हणून मान्य केलंय, पण प्रत्यक्षात बहुतेक जण तिथपर्यंत पोचत नाहीत. आमच्या इथे म्हणतात आज जितके टक्के देता त्यात पुढच्या वर्षी एक टक्का वाढवून बघा. मला हे पटतं, एकदम दहा टक्के म्हटलं की माणूस घाबरून काहीच देत नाही.

वाशीचा_हिशोबनीस:
मावशी, मी आमच्या मंडळीचे हिशोब बघतो आणि पोटापाण्याचा धंदाही तोच आहे म्हणून थोडं रुक्ष लिहितो, पण हे आधी बघितलंच पाहिजे. तिकडे चर्चचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, म्हणून त्यांना ऑक्टोबरमध्ये विचारणं जमतं. आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, ऑडिट त्यावर होतं, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंद असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे हिशोबही त्याच वर्षाचा जातो. म्हणून माझं मत असं की हार्वेस्टला कार्ड घ्या पण ते येत्या एप्रिलपासूनच्या वर्षाचं घ्या. मधले चार महिने कमिटीला बजेट बसवायला मिळतात. आपल्याकडे फेब्रुवारी संपत आला तरी पुढच्या वर्षी किती येणार ह्याचा पत्ता नसतो, मग छप्पर गळायला लागलं की मे महिन्यात धावपळ करून विशेष अर्पण, ते पुरलं नाही की कॅरल राऊंडचे (नाताळात घरोघरी गाणी गाऊन जमलेले) पैसे तिकडे वळवायचे.

कार्डावर टॅक्समध्ये सूट मिळेल असं चुकूनही लिहू नका. फक्त धार्मिक काम करणाऱ्या ट्रस्टला ८०जी, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता, मिळत नाही. डायसीसचा एखादा वेगळा शिक्षण किंवा आरोग्याचा ट्रस्ट असेल तर ते वेगळं, आधी कागद बघा.

आणि परदेशातल्या नातेवाइकांना कार्ड पाठवायचा मोह होईल, तिथे नीट लक्ष द्या. मुलगा अमेरिकेत आहे पण पासपोर्ट भारताचा आहे आणि स्वतःच्या कमाईतून रीतसर बँकेतून पाठवतो, तर ते विदेशी योगदान धरत नाहीत. तोच मुलगा तिकडचा नागरिक झाला, मग ओसीआय (परदेशस्थ भारतीय मूळाचं) कार्ड असलं तरी त्याचे शंभर रुपयेसुद्धा एफसीआरए ह्या विदेशी देणग्यांच्या कायद्यात येतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मेन ब्रांचमधल्या एफसीआरए खात्यातच यावे लागतात आणि त्यासाठी रजिस्ट्रेशन लागतं. मंडळीच्या साध्या खात्यावर घेऊ नका, प्रेमाने दिलेले असले तरी त्रास पूर्ण ट्रस्टला होतो. कळवेकर भाऊ तुमचा पासपोर्ट कुठला ते तुम्हीच बघा.

कोपरीचे_काका:
सलाम. वय झालंय, टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. लिलाव बंद करा असं कोणी म्हणू नये ही विनंती. लिलावात माणूस घरातलं आणतो, अंडी, कोंबडी, पापड, लोणचं, ज्याच्याकडे रोख पैसा नव्हता त्यालाही देवापुढे काहीतरी ठेवता यायचं, आपल्या आईबापांनी असंच दिलं. बिघडलंय ते बोली लावणाऱ्यांचं. आमच्याकडे आम्ही इतकंच केलं की घरी केलेले पदार्थ लिलावात न ठेवता वेगळ्या टेबलावर ठरलेल्या भावाने विकायला ठेवतो, आणि एक टोपली अशी ठेवतो की त्यातलं कोणीही काही न विचारता घरी न्यावं. लिलाव फक्त मोठ्या फळांचा आणि ऊसाचा. चकलीवाल्या बायका आता पुढे बसतात.

दुसरं. आपल्या मंडळ्यांमध्ये देण्याच्या रीती वेगवेगळ्या का आहेत हे तरुणांना माहीत नसतं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सीएनआय झाली तेव्हा अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेसबिटेरियन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स असे सगळे एकत्र आले. नगरकडची घरं अमेरिकन मराठी मिशनची, त्यांचं नगरचं काम १८३१ पासूनचं, तिथे पंच मंडळी सगळ्यांसमोर हिशोब मांडणार. ठाण्याचं सेंट जेम्स मुळात इंग्रजांचं अँग्लिकन, १८२५ मध्ये बिशप हेबर यांनी त्याचा समर्पणविधी केला, तिथे तेव्हा कंपनी सरकारचा आधार. म्हणून एका घराला वर्गणी म्हणजे हक्काची गोष्ट वाटते, दुसऱ्याला वाटतं चर्च कुठूनतरी चालतंच. कार्ड आणायच्या आधी वर्षाचा पूर्ण हिशोब मराठीत एका पानावर छापून प्रत्येकाच्या हातात द्या. त्याशिवाय कार्डाला माझा विरोध राहील.

आणि ती यादी आजच्या आज उतरवा. थकलेल्या घरी दोन माणसं भेटायला पाठवा, पैशाचं एक अक्षर न काढता चहा पिऊन प्रार्थना करून या.

घणसोली_युथ:
काका १०० टक्के. मला अजून एक सांगायचंय, कार्डावर पैशाच्या खाली वेळेची पण जागा ठेवा ना प्लीज. आमच्या तरुण संघात आयटीआय केलेली मुलं आहेत, पंखे वायरिंग सगळं करतात, पण त्यांना कधी कोणी विचारलंच नाही आणि चर्च बाहेरून इलेक्ट्रिशियन बोलावतं. खारघरला टाटाच्या अॅक्ट्रेक कॅन्सर सेंटरमध्ये गावाकडून आपली माणसं ट्रीटमेंटला येतात, सोबतच्यांना राहायचं, डबा, ब्लड डोनर, फॉर्म इंग्लिशमध्ये भरायचा, किती काय काय लागतं. आता कोणाचा तरी फोन येतो तेव्हा धावतो, त्याऐवजी आधीच माहीत असलं की ह्या घरून मंगळवारी डबा मिळेल, हा मुलगा रविवारी बाइक घेऊन जाईल तर किती सोपं होईल. जर्सीवाल्या अंकलनी ड्रायव्हरचं सांगितलं ते वाचून मला हेच आठवलं. ज्या ताई यायच्या थांबल्या त्यांना पैसे जमत नसतील पण त्या डबा देऊ शकतात, आणि मग त्या यादीतल्या नाही तर देणाऱ्यांतल्या झाल्या.

जर्सीवाला_कळवेकर:
हो हे इथेही असतं, वेळ आणि कलागुण दोन्ही कार्डावर असतात. फक्त एक काळजी घ्या, कोणी लिहून दिलं की मी डबा देईन तर त्याला पंधरा दिवसात फोन गेलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी तो काहीच लिहीत नाही. त्यासाठी एक माणूस नेमा ज्याचं दुसरं काही काम नसेल.

मावशी अजून एक, लहान मुलांसाठी आणि हातात रोख कमी असलेल्या घरांसाठी इथे निळा खोका असतो, पुठ्ठ्याचा. दिवसात कशाबद्दल तरी आभार मानावेसे वाटले की त्यात एक नाणं टाकायचं. १८८९ मध्ये बायकांनी हे सुरू केलं आणि त्या पहिल्याच अर्पणातून अलास्कातल्या अँविक गावात चर्च उभं राहिलं. आजही ते पैसे चर्चच्या रोजच्या खर्चाला वापरत नाहीत, सगळे मदतीच्या कामांना जातात. आपल्या मिझोरामच्या बायका १९१० पासून स्वयंपाकाच्या वेळी चर्चसाठी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, त्यावर किती मिशनचं काम उभं आहे. आमची आजी पण पिठाची एक मूठ वेगळी काढायची.

नेरुळची_मावशी:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काका, यादीचं मी पाळकसाहेबांना आजच फोन करून बोलले, ते म्हणाले रविवारच्या आधी काढतो, त्यांनाही ती आवडत नव्हती पण कोणी विषय काढत नव्हतं. त्या ताईकडे मी आणि महिला मंडळाच्या एक बाई शनिवारी जातोय.

कार्डाचा कच्चा मजकूर असा केलाय, चुका सांगा: "येत्या एप्रिलपासून एक वर्ष आमचं घर दर महिन्याला साधारण ___ रुपये देण्याचा प्रयत्न करेल. आम्ही हे काम करू शकतो: ___. आमच्या घराला मंडळीकडून ही मदत हवी आहे: ___. हा आकडा कधीही बदलता येईल. हे पाकीट फक्त खजिनदार उघडतील." तिसरी ओळ माझी आहे, मदत हवी असेल तर तीही त्याच कागदावर लिहिता यावी असं वाटलं.

वाशीचा_हिशोबनीस:
तिसरी ओळ ठेवाच. फक्त पाकीट एकट्या खजिनदाराने उघडू नये, सोबत कमिटीबाहेरचं अजून एक माणूस असावं आणि दोघांनी गुप्ततेची सही करावी. आणि मदतीचा भाग कार्डाच्या खालच्या बाजूला फाडून वेगळा करता येईल असा छापा, तो थेट पाळकसाहेबांकडे जाऊ दे, त्याचा हिशोबाशी संबंध नको. छपाईला टाकायच्या आधी इथे फोटो टाका, एकदा बघून घेतो.

कोपरीचे_काका:
अक्षरं मोठी ठेवा. आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याजवळ संडे स्कूलची मुलं नको, एखादी समजूतदार बाई बसवा.